वै. विष्णुबुवा जोग महाराज आणि आळंदीची शाळा

श्रीनामदेवरायांचे जन्मगाव नर्सी हे आमच्या हिंगोली जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठी. आणि ज्या औंढ्या नागनाथापाशी विसोबा खेचरांनी नामदेवरायांना उपदेश केला असे संप्रदाय मानतो, ते औंढेही आमच्याच जिल्ह्यात. गुरूचे ठिकाण व शिष्याचे ठिकाण इतके जवळ असणे हे भाग्य सगळ्याच जिल्ह्यांच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे शिकणे-शिकवणे हा विषय निघाला की आम्हा इकडच्या वारकऱ्यांना जरा चढते, हे आधीच कबूल करून टाकतो.

विषय निघाला तो असा. गेल्या श्रावणातल्या सप्ताहात काल्याचा प्रसाद झाल्यावर एक माळकरी गुरुजी आमच्याजवळ येऊन टेकले. बावीस-तेवीस वर्षे खेड्यापाड्यांतल्या शाळांतून चौथीपर्यंतची पोरे शिकवलेले गृहस्थ. म्हणाले की बुवा, २०२० साली देशाचे नवे शैक्षणिक धोरण आले, २०२४ साली राज्याचा आराखडा आला, आता पुस्तके बदलतील, पाठ बदलतील. आम्हाला प्रशिक्षणाला बोलावतात व काय शिकवायचे ते सांगतात. पण कोणता पाठ पोरांच्या गळी उतरतो आणि कोणता दरवर्षी तिथल्या तिथे अडतो, हे बावीस वर्षांत मला कोणी विचारले नाही. शिकवणाराने अभ्यासक्रम नुसता वाहून न्यायचा, का त्यात त्याचाही हात असावा?

आम्ही त्यांना तेव्हा उत्तर दिले नाही. आमच्या मनात मात्र एकच नाव आले. वैकुंठवासी विष्णुबुवा जोग महाराज. आळंदीला वारकरी शिक्षण संस्था त्यांनी काढली हे वाचकांतल्या लहानथोरांना ठाऊक आहे. पण ती काढण्याआधी ते काय करीत होते आणि तिथे काय शिकवायचे हे त्यांनी कशावरून ठरवले, तिकडे फारसे कोणी पाहत नाही. म्हणून हे चरित्र त्या बाजूने सांगतो.

महाराजांचा जन्म १४ सप्टेंबर १८६७ रोजी झाला. घराणे पुण्याचे. तरुणपणी तालमीचा नाद दांडगा. अंग कमावलेले, आवाज खणखणीत. पुढे आयुष्यभर त्यांच्या बोलण्यात जो ठसका राहिला तो काही अंशी त्या तांबड्या मातीतला होता असे आम्ही समजतो. लग्न त्यांनी केले नाही. ज्ञानेश्वरीचे वेड लागले आणि पंढरी-आळंदीची वारी सुरू झाली. माळ कोणाच्या हातून घ्यावी हा प्रश्न आला, तेव्हा आळंदीस माउलींच्या समाधीपुढे त्यांनी आपल्याच हाताने ती गळ्यात घातली असे सांगतात. या एका गोष्टीत पुढचे पुष्कळ आले. जोग महाराज कोणत्या जुन्या फडाचे वारसदार नव्हते. गादी नाही, मानाचे घराणे नाही, वडिलांकडून आलेली कीर्तनाची वही नाही. जे मिळवायचे ते ग्रंथाशी झुंजूनच मिळवायचे होते.

आणि ज्याला स्वतःला झुंजून शिकावे लागते, त्याला दुसरा कुठे अडतो ते बरोबर कळते. तालमीतल्या वस्तादाला विचारा.

त्या काळी कीर्तन शिकण्याची रीत कशी होती ते तरुण वाचकांसाठी सांगायला पाहिजे. फडावर जन्मलेल्या मुलाला ते घरातच मिळे. बाहेरच्या पोराने टाळकऱ्यांत उभे राहावे, चाली उचलाव्यात, प्रमाणे कानावर पडतील तशी पाठ करावीत, आणि दहा-पंधरा वर्षांनी एखादे दिवशी बुवा आजारी पडले म्हणजे भीतभीत पुढे यावे. ही रीत वाईट होती असे आम्ही म्हणणार नाही. याच रीतीने सातशे वर्षे संप्रदाय तगला. ग्रंथ शिकवणारे थोर पुरुषही होते. साखरे महाराजांच्या परंपरेने ज्ञानेश्वरीच्या अध्ययनासाठी केवढे कष्ट घेतले ते सर्वश्रुत आहे. परंतु कानावरून कानावर जाताना शब्द झिजतो. ओवीतला जुना शब्द न कळल्यामुळे त्या जागी जवळचा दुसरा शब्द बसतो, आणि मग त्या दुसऱ्या शब्दावर तासभर निरूपण होते. ऐकणारे माना डोलावतात, कारण त्यांच्याही बापाने तेच ऐकलेले असते.

महाराज पुण्यात व वारीच्या वाटेवर वर्षानुवर्षे प्रवचन-कीर्तन करीत होते. समोर बसणारे लोक वेगवेगळे. कोणी शिकलेला, इंग्रजी वाचून देवाधर्माविषयी शंका घेणारा. कोणी अक्षरओळख नसलेला पण हरिपाठ मुखोद्गत असलेला. दोघांनाही एकच ओवी समजावून द्यायची. या रोजच्या कामातून त्यांना आपल्या समाजाची पाटी नीट वाचता आली. म्हणून त्यांनी पहिले काम हाती घेतले ते ग्रंथांचे. गेल्या शतकाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत त्यांनी संतवाङ्मय छापून काढण्याचा सपाटाच लावला. अमृतानुभव, हरिपाठ, चांगदेव पासष्टी यांना त्यांनी सोप्या मराठीत अर्थ दिला. तुकोबारायांची सार्थ गाथा तर अशी की आजही हजारो घरांत देव्हाऱ्याशेजारी असते. साडेचार हजारांच्या आसपास अभंग, आणि प्रत्येकाखाली गद्यात अर्थ! त्या अर्थांत कुठे कुठे मतभेदाला जागा आहे, पंडितांनी ते दाखवलेही आहेत. पण माळकऱ्याच्या हातात आपल्या तुकोबांचा अर्थ स्वतःच्या बोटाने ओळ धरून वाचण्यासारखा पडला, ही गोष्ट लहान नाही. वेदान्तावरही त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

इथे आमचे मत सांगतो. गाथेचा अर्थ लिहिताना त्यांना पुढच्या शाळेचा नकाशा सापडला असावा. प्रत्येक अभंगापाशी थांबून हा माझ्या श्रोत्याला का कळत नाही, असे ज्याने स्वतःला विचारले, त्याच्याजवळ काय शिकवावे व कशानंतर काय शिकवावे याची यादी आपोआप तयार होते. टेबलापाशी बसून ती होत नाही.

महाराजांचे मन देशाकडेही होते. लोकमान्य टिळकांविषयी त्यांना फार आदर, स्वदेशीचा अभिमान. पुण्यात १८९७ सालच्या प्लेगाचा कहर त्या पिढीने पाहिला होता, आणि १९०८ साली लोकमान्य मंडालेला गेले तेव्हाचे दिवसही. धर्म सांगणारा माणूस अडाणी, पोटभरू आणि लाचार असला तर धर्म व देश दोन्ही बुडतील, ही काळजी त्यांना लागली होती. कीर्तनकार निर्लोभी हवा, जाणता हवा, आणि तो गावोगाव असावा, शंभर कोसांत एक असून चालणार नाही, असा त्यांचा ध्यास होता. या तिन्ही गोष्टी जुन्या रीतीने साधत नव्हत्या.

शके १८३९, म्हणजे इसवी सन १९१७, चैत्र शुद्ध प्रतिपदा. गुढीपाडव्याच्या त्या दिवशी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था सुरू झाली. सुरू झाली म्हणजे काय, तर हाताच्या बोटांवर मोजावे इतके विद्यार्थी आणि शिकवायला स्वतः महाराज. शुल्क नाही. पोटाला माधुकरी. सकाळी इंद्रायणीचे स्नान, माउलींचे दर्शन, मग पाठ. त्या पहिल्या मंडळींत पुढे नाव गाजवलेले बंकटस्वामी होते, मारुतीबुवा गुरव होते, आणि सोनोपंत दांडेकर होते. जातीपाती निरनिराळ्या, शिक्षण निरनिराळे. सोनोपंत महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकणारे, तर काहींची शाळा लहानपणीच सुटलेली. एकाच पंगतीत अशी माणसे बसवली की शिकवणाराची परीक्षा रोज होते.

आता त्या अभ्यासक्रमाकडे जरा बारकाईने पाहू, कारण आमच्या गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

मुदत चार वर्षांची. दोन वर्षांत भागले नसते का? पाठांतर भागले असते. पण पाठ केलेले मुरायला, आणि चार आषाढी, चार कार्तिकी पायी चालून ते लोकांत कसे बोलावे हे कळायला, चार वर्षे लागतात. बरे, दहा का नकोत? तर शेतकऱ्याच्या घरचे हातापायांनी धड झालेले पोर दहा वर्षे कोणी सोडत नाही. चारसुद्धा जड जातात. ज्याला आपल्या विद्यार्थ्यांच्या घरची नांगरणी-पेरणी ठाऊक आहे तोच असा आकडा काढतो.

मग ग्रंथ. गीता, ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, तुकोबांची गाथा ही मुख्य. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय व सुमारे ९ हजार ओव्या; नाथांचे भागवत ३१ अध्यायांचे, ओव्या त्याच्या दुपटीएवढ्या. या तिघांची भाषा तीन शतकांतली, तिन्ही निराळ्या. ज्ञानेश्वरीत अडलेला शब्द नाथांकडे थोडा उलगडतो व तुकोबांकडे अगदी घरच्या बोलीत येतो. शिवाय अमृतानुभव आहे. तो कळायला वेदान्ताची परिभाषा पाहिजे, आणि ती तर संस्कृतात. खेड्यातून आलेला मुलगा तिथे अडणार. संस्थेत चालत आलेल्या क्रमात विद्यारण्यांची पंचदशी आहे, आणि तिच्या जोडीला साधू निश्चलदासांचा विचारसागर आहे. विचारसागर हा उत्तरेकडच्या बोलीत लिहिलेला. वारकऱ्यांच्या शाळेत हा परमुलखातला ग्रंथ कशाला, असे आम्हालाही पूर्वी वाटे. पुढे एका आळंदीत शिकून आलेल्या बुवांच्या पाठाला आम्ही चार दिवस बसलो तेव्हा उलगडा झाला. संस्कृत न येणाऱ्याला जीव, ईश्वर, माया, साक्षी हे शब्द हिशेबाने समजावून देणारी ती पायरी आहे. चढण मोठी दिसली म्हणून मध्ये एक धोंडा ठेवावा, तसा तो ठेवला आहे. ही युक्ती शिकवणाऱ्याला सुचते.

त्याबरोबर टाळ, पखवाज, चाली, भजनाचा क्रम. नुसते ज्ञान असून कीर्तन उभे राहत नाही, पाय सुद्धा तालात पडावे लागतात.

आणि शेवटची गोष्ट कोणत्याच पुस्तकात बसत नाही, तरी महाराजांनी ती अभ्यासक्रमाच्या मुळाशी घातली. कीर्तन विकायचे नाही. शिकताना पैसा घेतला नाही, तर सांगतानाही घ्यायचा नाही. माधुकरी मागायला लावणे ही पोट भरण्याची सोय तर होतीच, पण तो धडाही होता. गावाच्या दारात झोळी घेऊन उभे राहिलेला पोरगा पुढे त्याच गावाला बिदागीचा आकडा सांगताना अडखळावा, अशी ती योजना. आज काही ठिकाणी काय चालले आहे ते वाचक जाणतात. आधी आकडा ठरतो, मग तारीख मिळते. तो दोष शाळेचा नाही; शाळेत शिकलेले जो विसरला त्याचा आहे. असो.

उणेही सांगितले पाहिजे. महाराजांच्या त्या योजनेत मुलींना जागा नव्हती. मुक्ताई-जनाईंच्या संप्रदायात हे व्हावे याचा आम्हाला खेद वाटतो. काळ तसा होता एवढे म्हणून तो फिटत नाही. पुढे आळंदीत मुलींना वारकरी शिक्षण देणाऱ्या निराळ्या संस्था निघाल्या आणि आता आमच्याकडेही सप्ताहात मुली उभ्या राहून चांगले कीर्तन करतात. दुसरे असे की वेदान्ताची परिभाषा हाती आली की काही तरुण बुवा तीच घोकून दाखवू लागतात आणि समोरची म्हातारी बिचारी हात जोडून बसून राहते. पायरीवरच घर बांधल्यासारखे ते आहे.

महाराजांना स्वतःच्या शाळेची तीनच वर्षे मिळाली. १९१८ साली मोठी साथ येऊन गेली, देशभर माणसे मेली. माघ वद्य प्रतिपदा, ५ फेब्रुवारी १९२० रोजी महाराज वैकुंठवासी झाले. वय अवघे ५२. त्याच वर्षी श्रावणाच्या सुमारास लोकमान्यही गेले. चार वर्षांचा क्रम ज्याने आखला त्याला त्या क्रमाची एक फेरीही पुरी झालेली पाहता आली नाही. संस्था तिथेच मोडायची. ना इमारत, ना सरकारी आधार, ना एखादा संस्थानिक पाठीशी. पण ज्यांना शिकवले तेच शिकवायला बसले. हा क्रम कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक होते, कारण तो बनताना ते समोर बसलेले होते. नुसता कागद मागे राहिला असता तर पाच वर्षांत त्याला वाळवी लागली असती. संस्थेने २०१७ साली शंभर वर्षे पुरी केली.

सोनोपंत दांडेकरांचे उदाहरण या ठिकाणी घेण्यासारखे आहे. पुण्यातल्या स. प. महाविद्यालयात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, प्राचार्यही झाले. तिथे विद्यापीठाने नेमलेली पुस्तके नेमलेल्या वेळेत शिकवायची. आणि आळंदीला आले की गुरूने घालून दिलेला क्रम, ज्यात विद्यार्थी पाहून आज कुठे थांबायचे ते शिकवणाऱ्याने ठरवायचे. दोन्ही कामे मामासाहेबांनी शेवटपर्यंत निष्ठेने केली. १९६८ साली ते गेले. त्यांची ज्ञानेश्वरीची आवृत्ती आज इतक्यांच्या हाती आहे त्याचे कारण आम्हाला तरी हेच वाटते की तिच्या मागे वर्षानुवर्षांचे पाठ आहेत, समोर बसलेल्यांच्या शंका आहेत.

आणि आमच्या मराठवाड्याला हे शिक्षण पोचवले ते बंकटस्वामींनी. बीडकडच्या नेकनूरचे हे सत्पुरुष. त्याचे महत्त्व समजायला त्या वेळचा आमचा मुलूख डोळ्यांपुढे आणावा लागेल. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, पूर्वी लष्कराची छावणी असलेले गाव. जिल्हा म्हणून ती १९९९ साली परभणीतून वेगळी झाली. त्या काळी परभणी जिल्ह्यातच. पुढचे शिक्षण उर्दूत. आळंदीची शाळा निघाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९१८ साली, हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले व तिथली शिकवण उर्दूतून होऊ लागली. उर्दू भाषेविषयी आमच्या मनात काही वाकडे नाही. आमच्या वाडवडिलांना ती उत्तम येई आणि दस्तऐवज ते तिच्यातच वाचीत. पण आईच्या भाषेत वर चढायची शिडी पोराला नव्हती. अशा वेळी खेड्यात मराठी अक्षर टिकले ते मारुतीच्या पारावर, हरिपाठाच्या पोथीवर. आळंदीत शिकून आलेला एखादा बुवा चातुर्मासात गावी राहिला की दिवसा गुराख्यांना अक्षरे आणि रात्री मंडळींना ज्ञानेश्वरी, असे दोन्ही चाले. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य बदलले, शाळा मराठी झाल्या. त्याआधीची आमच्या आजोबांची शाळा ही अशी होती, आणि तिचा क्रमिक ग्रंथ आळंदीहून आला होता.

औंढ्याची गोष्ट सुरुवातीला काढली ती इथे पुरी करतो. नामदेवराय विसोबांना शोधत आले तेव्हा ते शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवरायांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले तो तिकडेही पिंडी. संप्रदायातला हा सर्वांत लहान पाठ म्हणावा. एका माणसाने एका माणसाला, एका दुपारी दिलेला. हेच विसोबा पूर्वी ज्ञानदेवादी भावंडांचा द्वेष करीत असत असे संतचरित्रे सांगतात. म्हणजे स्वतः चुकलेला, स्वतः वळलेला गुरू. समोरचा कोण आहे आणि त्याला नेमके काय कळलेले नाही हे त्यांनी ओळखले व तेवढेच शिकवले. नामदेवराय पुढे ते पंजाबपर्यंत घेऊन गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत आणि नर्सीला आज गुरुद्वाराही आहे. परंतु विसोबा व नामदेव रोज जन्मत नाहीत. पिंडीवरचा तो पाठ साध्या कुणब्याच्या पोराला चार वर्षांच्या ओव्यांमध्ये कसा बसवावा, हे काम जोग महाराजांनी केले. समोरचा पाहून शिकवणे ही रीत मात्र औंढ्याचीच.

वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी शिक्षकांना व विचारवंतांना बोलावून नव्या तालमीचा विचार केला, तेव्हा हातांनी काम करत शिकणे ही गोष्ट देशाला नवी वाटली. आळंदीत त्याच्या वीस वर्षे आधीपासून मुले पाणी भरत, झाडलोट करीत, माधुकरी मागत वेदान्त शिकत होती. तुलना करायची म्हणून हे लिहीत नाही. आठवले म्हणून लिहिले.

हे सारे आम्ही त्या गुरुजींना मागच्या एकादशीला सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग पिशवीतून एक दोनशेपानी वही काढली. तिच्यात त्यांनी बावीस वर्षे, कोणता पाठ कोणत्या महिन्यात घेतला, किती पोरे अडली, कापूस वेचणीच्या दिवसांत किती गैरहजर, कोणते उदाहरण दिल्यावर भागाकार समजला, असे बारीक अक्षरांत लिहून ठेवले आहे. कोणाला दाखवण्यासाठी नाही, आपल्यापुरते. आम्ही ती चाळली. तिसरीच्या गणिताचा क्रम त्यांनी चक्क उलटा करून पाहिलेला आहे आणि तो साधलाही आहे.

माघ वद्य प्रतिपदेला महाराजांची पुण्यतिथी. त्या दिवशी आमच्या देवळात सकाळी गाथा-वाचन होईल, आणि रात्रीचे कीर्तन आळंदीस तिसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्याच गावच्या एका मुलाकडे दिले आहे. तो या गुरुजींचा विद्यार्थी. दुपारच्या वेळेत गुरुजींनी आपली वही घेऊन बसावे आणि आसपासच्या चार शाळांतल्या शिक्षकांनी यावे, असे ठरते आहे.